समुद्रावर परवाना कुणाचा?

दिवाळीची सुट्टी लागली की अहिल्यानगर जिल्ह्यातल्या गाड्या कोकणाकडे वळतात. अकोले-संगमनेरची मंडळी माळशेज उतरतात, नगर-श्रीगोंद्याची पुण्यावरून ताम्हिणी गाठतात. थंडीत शाळांच्या सहली एसटीनं निघतात. अलिबाग, काशीद, मुरूड हा फेरा ठरलेला आणि त्यात राजापुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीनं जंजिऱ्याला जाणंही ठरलेलंच. टँकरच्या पाण्याचे दिवस पाहिलेल्या पोरांना चहूबाजूंनी पाणीच पाणी दिसतं, तेव्हा होडीत जो आरडाओरडा होतो, तो ऐकण्यासारखा असतो.

समुद्रातल्या सफरीला लुटारूंच्या गोष्टीची फोडणी देण्याची रीत जगभर आहे. तुर्कस्तानात अंतल्या आणि अलान्याच्या किनाऱ्यावर लाकडी जहाजं चाच्यांच्या गलबतासारखी सजवतात आणि पर्यटकांना दिवसभर फिरवून आणतात. अमेरिकेत फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरात १९०४ पासून गॅस्परिला नावाचा उत्सव होतो. ज्या चाच्याच्या नावानं तो भरतो, तो माणूस खरोखर होऊन गेल्याचा पुरावा इतिहासकारांना सापडलेला नाही. तिथं चाचेगिरी हा खेळ आहे. आपल्या किनाऱ्यावर मात्र होडी जिथं नेते, तिथं खरी आरमारं लढली आहेत. म्हणून त्या होडीत काय सांगितलं जातं, याला महत्त्व आहे.

राजापुरीच्या धक्क्यावर

धक्क्यावर तिकीट काढायचं, होडी भरली की निघायचं. खलाशी दोर ओढतात, शीड फुगतं, सुकाणूवरचा माणूस वाऱ्याचा अंदाज घेत होडी तिरकी काढतो. समोर काळ्या दगडाची तटबंदी दिसत असते, पण दार कुठं दिसत नाही. दोन बुरुजांच्या खोबणीत ते असं बसवलंय, की होडी अगदी जवळ गेल्यावरच उघड होतं. शत्रूच्या तोफेला नेम धरता येऊ नये, म्हणून ही योजना. पायऱ्यांशी होडी लाटेवर खालीवर होते. लाट वर येईल त्या क्षणी खलाशाचा हात धरून पाऊल टाकायचं असतं. आजीबाईंना उतरवताना तर दोन-दोन माणसं लागतात. दाराजवळच्या भिंतीवर पंजात हत्ती पकडलेला पशू कोरला आहे. आत कलालबांगडी ही अजस्र तोफ आहे आणि खाऱ्या समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याचे तलाव आहेत.

होडीत आणि किल्ल्यात माहिती सांगणारे बहुतेक स्थानिकच असतात. त्यांची सांगण्याची लय पक्की असते. ‘अजिंक्य’ हा शब्द दहादा येतो, समुद्राखालच्या भुयाराची गोष्ट येते, तोफेचं वजन येतं. पण समोर बसलेल्या नगरकराला त्याच्या गावाशी असलेलं या किल्ल्याचं नातं सहसा कळत नाही.

निजामशाहीचा किनारा

नगर शहर वसवणाऱ्या आणि निजामशाही स्थापणाऱ्या मलिक अहमदनं १४९० च्या सुमारास दंडा-राजपुरीचा हा टापू घेतला. त्याआधी बेटावर कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता. त्यांचा प्रमुख राम पाटील याच्याकडून पिरमखान या निजामशाही सरदारानं व्यापाऱ्याच्या वेषात येऊन, दगा करून तो कोट घेतला, असं परंपरा सांगते. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात दगडी कोट उभा राहू लागला, तोही निजामशाहीतच. १६३६ मध्ये निजामशाही बुडाली, मग जंजिऱ्याचे सत्ताधारी सिद्दी विजापूरकडे आणि पुढं १६७० च्या सुमारास मोगलांकडे गेले.

अलिबागहून मुरूडला जाणारा सगळा रस्ताच या इतिहासातून जातो. वाटेत लागणारं चौल हे निजामशाहीचं मोठं बंदर. १५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशहानं पोर्तुगीजांना तिथं जागा दिली. तेच आजचं रेवदंडा. पुढं पोर्तुगीज डोईजड झाले. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहानं चौलला वेढा घातला, पण तो फसला. रेवदंड्याचा पूल ओलांडला की डोंगरावर कोर्लईचा किल्ला दिसतो. तो १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी निजामशाही फौजेकडून जिंकला. घाटावरच्या नगरची सत्ता एकेकाळी या लाटांपर्यंत पोचत होती, हे सहलीच्या बसमध्येच मुलांना सांगता येईल.

दस्तक कुणाचं?

समुद्रावरच्या त्या भांडणाचं मूळ परवान्यात होतं. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात नियम घातला, की अरबी समुद्रातल्या प्रत्येक व्यापारी जहाजानं त्यांचा ‘कार्ताझ’ हा परवाना घ्यावा. ज्याच्याकडे तो नसेल, त्याचं जहाज जप्त. निजामशाहीसारख्या सत्तांनाही ही सक्ती सोसावी लागली. पुढं आधी विजापूरच्या आणि मग मोगलांच्या आश्रयानं सिद्द्यांनीही कोकणची किनारपट्टी वारंवार लुटली, माणसं धरून नेली. त्यांचा बंदोबस्त करायला शिवाजी महाराजांनी आरमार उभारलं आणि जंजिऱ्यासमोरच्या कासा खडकावर पद्मदुर्ग बांधला. जंजिऱ्याच्या तटावरून तो समोरच दिसतो.

कान्होजी आंग्रे यांनी हाच परवान्याचा हक्क मराठ्यांच्या वतीनं मागितला. कोकण किनाऱ्यावरून जायचं असेल, तर सरखेलांचं, म्हणजे आरमारप्रमुखांचं, दस्तक घ्या, हा त्यांचा नियम. ईस्ट इंडिया कंपनीनं तो मानला नाही. आंग्र्यांनी कंपनीची जहाजं धरली आणि इंग्रजी कागदपत्रांत त्यांना चाचे ठरवण्यात आलं. वस्तुतः १७१३-१४ मध्ये बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीनं छत्रपती शाहूंनी त्यांचं सरखेलपद मान्य केलं होतं. राज्याचा नेमलेला आरमारप्रमुख आपल्या किनाऱ्यावर जकात आणि परवाना मागत होता. यात लुटारूपणा कुठं?

त्यांचं बळ लढण्याच्या पद्धतीत होतं. गुरब हे दोन-तीन डोलकाठ्यांचं, उथळ तळाचं जहाज. त्याच्या नाळेवर तोफा. गलबत त्याहून लहान, वल्ह्यांनी चालणारं. वारा पडला की इंग्रजांचं अवजड जहाज जागीच थांबे. मग गलबतं गुरबांना दोरानं ओढत त्याच्या पिछाडीला नेत, जिथं तोफा कमी असत. पाठलाग झालाच, तर आंग्रे खाडीत शिरत. खोल तळाच्या जहाजांना तिथं येता येत नसे. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीजांनी मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चाल केली, तीही फसली. १७२९ मध्ये कान्होजी वारले. त्यांची समाधी अलिबागेत आहे. पुढं १७५६ मध्ये इंग्रजांनी विजयदुर्ग घेऊन कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांचं आरमार संपवलं, आणि त्या मोहिमेत पेशवेच इंग्रजांच्या बाजूला होते. मराठी माणसानं हेही लपवू नये.

होडीतल्या गोष्टीला वजन हवं

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार सागरी किल्ले आहेत. आता तिथं पर्यटक वाढतील. त्यांच्यासाठी तलवार घेतलेल्या चाच्यांची नाटकी सफर आणण्याचा मोह कुणालाही होऊ शकतो. तो टाळायला हवा. ज्यांनी किनारा राखला, त्यांनाच गंमत म्हणून लुटारू दाखवलं, तर कंपनीचा निकाल आपणच पुन्हा वाचून दाखवल्यासारखं होईल.

होडीवर माहिती सांगणाऱ्या तरुणांना जिल्हा प्रशासनानं आणि पुरातत्त्व खात्यानं नीट प्रशिक्षण द्यावं, त्याचा मोबदलाही द्यावा. राजापुरीच्या धक्क्यावर एक नकाशा लावावा: चौल, रेवदंडा, कोर्लई, जंजिरा, पद्मदुर्ग, कुलाबा आणि कोणत्या वर्षी कोणता किल्ला कुणाकडे होता. नगरच्या शिक्षकांनी सहलीआधी एक तास भुईकोट किल्ल्यापासून जंजिऱ्यापर्यंतचा धागा मुलांना उलगडून दाखवावा.

आणि एक गोष्ट इतिहासाइतकीच महत्त्वाची. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईजवळ घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून माणसं दगावली. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय होडी धक्क्यावरून सुटू देऊ नका, क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसत असतील तर स्वतः उतरा, आणि पावसाळ्यात जंजिऱ्याची वाहतूक बंद असते तेव्हा कुणाच्या आग्रहानं समुद्रात जाऊ नका. मुलांना समुद्र जरूर दाखवा. तो कुणी, कशासाठी राखला, हेही त्यांना तिथंच, होडीत बसल्या बसल्या सांगा.