साठविलेल्या धनाची झीज

ज्वारीची रास घरी आली म्हणजे मोहोळ परिसरातील शेतकऱ्यास वर्षाची निश्चिंती वाटते. परंतु धान्य असो, अवजार असो वा रोकड, घरात आलेले धन आहे तसे राहत नाही. त्याचे मोल दिवसेंदिवस झिजत असते.

धान्याची झीज डोळ्यांना दिसते. ज्वारी पुरती न वाळविता कणगीत वा पेवात भरली की ती ओल धरते, सोंडे लागतात आणि दाण्याचे पीठ होते. याकरिता दाण्यातील ओलावा शेकडा 12 हून कमी होईपर्यंत, म्हणजे दाणा दाताखाली कटकन फुटेपर्यंत, ती वाळवावी.

यंत्राची झीज हिशेबातच कळते. एक लाख रुपयांच्या यंत्रावर दरसाल उरल्या किमतीच्या शेकडा 15 घसारा धरला, तर पाच वर्षांनी सुमारे 44,000 रुपयेच उरतात. घसाऱ्याएवढी रक्कम बाजूस न काढणाऱ्यास पुढील यंत्रासाठी कर्ज काढावे लागते.

रोकडीस कीड लागत नाही, म्हणून तिची झीज अधिक फसवी. भाववाढ शेकडा 4 च्या आसपास राखण्याचे उद्दिष्ट रिझर्व्ह बँकेपुढे 2016 साली ठेवण्यात आले. भाव एवढ्याच गतीने चढले, तरी पेटीत ठेवलेल्या 10,000 रुपयांत 18 वर्षांनी निम्माच माल येईल. त्याच वर्षी 8 नोव्हेंबरच्या मध्यरात्री 500 व 1,000 रुपयांच्या जुन्या नोटा बाद झाल्या. 14 नोव्हेंबरला त्या स्वीकारण्यास जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना मनाई झाली. केवळ तेथेच खाते असलेल्या शेतकऱ्यांची मोठी ओढाताण झाली.

मग टिकते काय? 1930 च्या दशकात मोहोळच्या केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवडलेला ‘मालदांडी 35-1’ हा वाण आजही रब्बीत पेरला जातो. पडून राहिलेले बियाणे उगवणशक्ती गमावते. हा वाण टिकला तो वारंवार पेरल्यामुळे व बियाणे निवडून राखल्यामुळे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी सुगीनंतर घरोघरी हिशेब मांडून दाखवावा. बियाणे, खाण्यापुरते धान्य व निकडीपुरती रोकड राखावी. शिलकेतून प्रथम कर्ज फेडावे, नंतर बांधबंदिस्ती करावी. उरलेली रक्कम बँकेत ठेवताना व्याजाचा दर भाववाढीशी ताडून पाहावा.