ट्रेडिंग कार्डं : सहा गैरसमज आणि वस्तुस्थिती

ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेतल्या एका लिलावात बेसबॉल खेळाडू मिकी मँटलचं एक छापील कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरना विकलं गेलं. टॉप्स कंपनीने १९५२ मध्ये छापलेलं हे कार्ड त्या काळी च्युइंगगमच्या पाकिटातून मुलांच्या हाती पडत असे. अशी बातमी आली की माळ्यावरची जुनी खोकी खाली उतरतात. शाळेत डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डं जमवलेली आपल्याकडची पिढीही मग आपला गठ्ठा शोधायला लागते.

या उत्सुकतेत गैर काहीच नाही. पण बातमीत आकडा येतो, आकड्यामागचा इतिहास येत नाही. कार्डांना मोल आलं ते फार उशिरा. त्याआधी कित्येक दशकं लोकांनी ती एका पैशाच्या आशेशिवाय जपली, लावली, त्यांच्या नोंदी केल्या. त्या जपणुकीमुळेच आज या विषयाला इतिहास आहे, म्हणून त्याविषयीचे गैरसमज एकेक करून दूर करायला हवेत.

गैरसमज १ : ही कार्डं मुलांसाठी, च्युइंगगमबरोबर सुरू झाली.

वस्तुस्थिती : गम बऱ्याच नंतर आलं. आधी आली ती दुकानदारांची जाहिरात-कार्डं. पॅरिसचं बों मार्शे हे मोठं दुकान आणि मांसाचा अर्क विकणारी लिबिग कंपनी एकोणिसाव्या शतकातच गिऱ्हाइकांना रंगीत चित्रांचे संच देत होती. संच पूर्ण करायचा तर पुन्हा त्याच दुकानात यावं लागे.

अमेरिकेत १८८०च्या दशकात सिगारेट कंपन्यांनी ही युक्ती उचलली. त्यांची एक व्यावहारिक अडचणही होती. सिगारेटचं पाकीट मऊ कागदाचं असे आणि आतल्या सिगारेटी चेपत. म्हणून आत एक पुठ्ठ्याचा तुकडा घालत. तो घालायचाच आहे तर त्यावर चित्र का छापू नये, असा विचार झाला आणि पुठ्ठ्याला दुसरं काम मिळालं. व्हर्जिनियातल्या रिचमंडच्या ॲलन अँड गिंटर कंपनीने १८८७ च्या सुमारास ५० जगज्जेत्यांचा संच काढला. म्हणजे पहिलं मोठं गिऱ्हाईक सिगारेट ओढणारा प्रौढ माणूस होता. मुलं ती कार्डं त्याच्याकडून मागून घेत.

बेसबॉलच्या कार्डांबरोबर गमची पट्टी देण्याची पद्धत रुजली ती बॉस्टनच्या गाउडी कंपनीच्या १९३३ च्या संचापासून. पुढे टॉप्सने ती घराघरात नेली आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद केली. कार्डावर गमचा डाग पडतो, अशी संग्राहकांची तक्रार तोवर चांगलीच वाढली होती.

गैरसमज २ : ट्रेडिंग कार्ड म्हणजे बेसबॉल, आणि तोही अमेरिकेचाच.

वस्तुस्थिती : ॲलन अँड गिंटरच्या त्या ५० जणांत बेसबॉल खेळाडू फक्त १० होते. बाकीच्यांत मुष्टियोद्धे, पहिलवान, वल्हेकरी, बिलियर्ड्सपटू आणि नेमबाज होते. नेमबाजांत ॲनी ओकली ही स्त्रीही होती. त्याच कंपनीने पक्षी, देशोदेशींचे झेंडे आणि मूळनिवासी अमेरिकन सरदार यांचेही संच काढले. त्या काळच्या सिगारेट-कार्डांवर नाटकांतल्या अभिनेत्री तर भरपूर होत्या. खेळ आणि करमणूक हे दोन्ही विषय कार्डांवर पहिल्यापासून शेजारी शेजारी आहेत.

इंग्लंडमध्ये विल्स आणि जॉन प्लेअर या कंपन्यांनी हा छंद घरोघरी पोचवला. तिथे क्रिकेट होतंच. ज्यांच्या नावाने आपण रणजी करंडक खेळतो, ते रणजितसिंहजी इंग्लंडच्या सिगारेट-कार्डांवर झळकले होते. या कार्डांवर राजकारणाचीही सावली पडत असे. वॉटर्लूच्या लढाईला १०० वर्षं होत होती म्हणून विल्सने १९१५ साठी संच तयार केला, पण पहिल्या महायुद्धात फ्रान्स मित्रराष्ट्र होतं. त्यांच्या पराभवाची चित्रं वाटणं बरं दिसलं नसतं, म्हणून तो संच बाजारात आलाच नाही. दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई झाली आणि ब्रिटनमधली सिगारेट-कार्डं थांबली. नंतर ती जागा चहाच्या पुड्यांतल्या कार्डांनी घेतली.

इटलीत मोदेना शहरातल्या पानिनी बंधूंनी १९६१ मध्ये फुटबॉल खेळाडूंचा पहिला अल्बम काढला आणि १९७० च्या मेक्सिको विश्वचषकापासून तो जगभर नेला. करमणुकीच्या बाजूला टॉप्सने १९६४ मध्ये बीटल्सची कार्डं छापली. त्याआधी, १९६२ मध्ये, मंगळावरून आलेल्या आक्रमकांची 'मार्स अटॅक्स' ही ५५ कार्डांची मालिका आली. तिच्यातल्या रक्तपातावर पालक संतापले आणि ती गुंडाळावी लागली. त्याच मालिकेवरून १९९६ मध्ये हॉलिवूडचा चित्रपट निघाला. जपानमध्ये १९९६ मध्ये पोकेमॉनची कार्डं आली आणि जमवणं व खेळणं या दोन गोष्टी तिथे एकत्र झाल्या.

गैरसमज ३ : होनस वॅग्नर तंबाखूच्या विरोधात होता, म्हणून त्याचं कार्ड दुर्मीळ झालं.

वस्तुस्थिती : या छंदातली ही सर्वात लाडकी कथा अर्धीच खरी आहे. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात काढलेला, आज 'टी२०६' या नावाने ओळखला जाणारा संच पाचशेहून अधिक कार्डांचा आहे. पिट्सबर्ग पायरेट्सचा वॅग्नर त्यात होता, पण त्याचं कार्ड छपाई सुरू झाल्यावर लवकरच थांबवलं गेलं. आज त्याच्या सुमारे ६० प्रती ज्ञात आहेत. त्यातली एक २०२२ मध्ये ७२.५ लाख डॉलरना विकली गेली.

वॅग्नरने परवानगी नाकारली, हे खरं. १९१२ मध्ये 'स्पोर्टिंग न्यूज'ने छापलेल्या हकिगतीनुसार कंपनीने पिट्सबर्गच्या जॉन ग्रूबर या क्रीडा-वार्ताहराला, वॅग्नरची संमती मिळवून दिल्यास १० डॉलर देऊ केले होते. वॅग्नरने नकार कळवला. पण आपल्यामुळे ग्रूबरचं नुकसान नको, म्हणून १० डॉलरचा धनादेश स्वतःच्या खिशातून त्याला पाठवला. हा माणूस तंबाखूविरोधी मात्र नव्हता. तो स्वतः तंबाखू चघळत असे, सिगार ओढत असे, आणि लुईव्हिलकडून खेळत असताना त्याच्या नावाने सिगारही विकली गेली होती. सिगारेटच्या पाकिटात आपलं चित्र नको, एवढाच त्याचा आग्रह होता. मुलांनी कार्डापायी सिगारेटी घेऊ नयेत असं त्याला वाटत होतं, ही त्याच्या कुटुंबातून आलेली आठवण आहे. फुकट आपला चेहरा कुणी वापरू नये, असाही त्याचा विचार असल्याचं काही अभ्यासक मानतात. दोन्ही कारणं एका माणसात सुखाने नांदू शकतात.

गैरसमज ४ : जितकं जुनं आणि दुर्मीळ, तितकं महाग.

वस्तुस्थिती : त्याच टी२०६ संचात जो डॉयल या खेळाडूचं एक चुकीचं कार्ड आहे. लॅरी डॉयल या दुसऱ्या खेळाडूशी गल्लत होऊन त्यावर चुकीच्या लीगचं नाव पडलं, आणि लगेच दुरुस्ती झाली. त्या चुकीच्या छाप्याच्या ज्ञात प्रती दहाच्याही आत आहेत. म्हणजे ते वॅग्नरपेक्षा कितीतरी दुर्मीळ. तरी जगाला वॅग्नर माहीत आहे, कारण तो महान खेळाडू होता आणि त्याच्या कार्डामागे कथा आहे.

मँटलचं उदाहरण याहून बोलकं आहे. १९५२ चं ते कार्ड त्याचं पहिलं कार्ड नाहीच. पहिलं १९५१ मध्ये बोमन कंपनीने काढलं होतं. शिवाय टॉप्सच्या छपाईच्या तक्त्यावर मँटल दोनदा होता, म्हणजे मालिकेतल्या इतर बहुतेक कार्डांपेक्षा तो दुप्पट छापला गेला. पण ती मालिका बाजारात यायला हंगाम संपत आला, दुकानदारांनी माल उचलला नाही, आणि खोकी गोदामात पडून राहिली. तो संच रचणारे टॉप्सचे साय बर्गर यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, कोणीच घेईना म्हणून १९६० मध्ये हा माल कचऱ्याच्या तराफ्यावर चढवून न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून दूर अटलांटिकमध्ये टाकून दिला.

तरीही या कार्डाच्या हजाराहून जास्त प्रती आज तपासून, दर्जा ठरवून ठेवलेल्या आहेत. कोटींची किंमत आली ती एका प्रतीच्या जवळजवळ निर्दोष अवस्थेमुळे. अवस्था किती निर्णायक असते हे त्याच संचातल्या क्रमांक १ च्या कार्डावरून कळतं. अँडी पाफको हा काही मँटलच्या तोडीचा तारा नव्हता. पण मुलं कार्डं क्रमाने लावून वर रबरबँड चढवत. सर्वात वर पाफको. त्याच्या कडा दबल्या, रबराचे व्रण उमटले, कोपरे झिजले. त्यामुळे स्वच्छ कोपऱ्यांचा पाफको आज भल्या किमतीला जातो.

गैरसमज ५ : ८०-९०च्या दशकातली न उघडलेली पाकिटं म्हणजे ठेव.

वस्तुस्थिती : बहुतांश वेळा तसं नाही. १९८० मधल्या एका न्यायालयीन निकालानंतर टॉप्सची बेसबॉलवरची मक्तेदारी मोडली आणि १९८१ मध्ये फ्लिअर आणि डॉनरस बाजारात उतरल्या. १९८९ मध्ये होलोग्राम लावलेली अपर डेकची कार्डं आली. त्याच काळात जुन्या कार्डांच्या किमती वृत्तपत्रांत झळकू लागल्या होत्या, म्हणून लोकांनी खोकीच्या खोकी विकत घेऊन सीलबंद ठेवली. कंपन्यांनी मागणीप्रमाणे छापलं. जुनी कार्डं दुर्मीळ झाली होती ती फेकली गेल्यामुळे. ही कुणीच फेकली नाहीत. १९९४ मध्ये खेळाडूंच्या संपामुळे वर्ल्ड सिरीजच रद्द झाली आणि उरलासुरला उत्साहही ओसरला. त्या काळाला संग्राहक आज 'जंक वॅक्स' म्हणतात.

मग कंपन्यांनी दुर्मिळता स्वतःच घडवायला घेतली : क्रमांक घातलेली कार्डं, सही केलेली, जर्सीचा तुकडा बसवलेली, एकच प्रत असलेली. ऑगस्ट २०२५ मध्ये मायकल जॉर्डन आणि कोबी ब्रायंट या दोघांच्या सहीचं असंच एकमेव कार्ड १ कोटी २९ लाख डॉलरना गेलं. मुळात ही चलाखीही जुनीच. गाउडीच्या १९३३ च्या संचात क्रमांक १०६ छापलाच नव्हता. मुलं तो शोधत पाकिटं घेत राहिली. ज्यांनी कंपनीला पत्र लिहून जाब विचारला, त्यांना पुढच्या वर्षी नॅप लाजवे या निवृत्त खेळाडूचं कार्ड टपालाने आलं.

गैरसमज ६ : ग्रेड मिळाला म्हणजे कार्डाबद्दल शंका उरली नाही.

वस्तुस्थिती : १९९१ मध्ये पीएसए ही कंपनी सुरू झाली. ती कार्डाचे कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्राची मांडणी पाहून १ ते १० मध्ये दर्जा देते आणि कार्ड प्लास्टिकच्या कवचात सीलबंद करते. यामुळे फसवणूक कमी झाली, हे मानायलाच हवं. पण या कंपनीने पहिल्यांदा ग्रेड केलेलं कार्ड वॅग्नरचंच होतं. हॉकीपटू वेन ग्रेट्झ्कीच्या मालकीची ती प्रत ८ चा दर्जा घेऊन मिरवत होती. लिलाव-व्यावसायिक बिल मास्ट्रो यांनी २०१३ मध्ये कबूल केलं, की त्या कार्डाच्या कडा आपण कापल्या होत्या. कडा कापल्या की कार्ड नव्यासारखं दिसतं आणि जाणकाराच्या लेखी त्याचं मोल घसरतं. लिलावांतल्या गैरप्रकारांबद्दल मास्ट्रो यांना पुढे तुरुंगवासही झाला. ग्रेड हे तज्ज्ञाचं मत आहे, आणि मत चुकू शकतं.

या सगळ्या आकड्यांत एक नाव मागे पडतं, ते जेफरसन बर्डिक यांचं. न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूज शहरात विजेच्या उपकरणांच्या कारखान्यात काम करणारे, संधिवाताने बोटं आखडलेले बर्डिक यांनी तीन लाखांहून अधिक छापील कार्डं आणि कागद जमवले. कुठल्या कंपनीने, कुठल्या मालासोबत, कधी काय छापलं याची त्यांनी सूची केली. विसाव्या शतकातल्या तंबाखूच्या कार्डांना त्यांनी 'टी' हे अक्षर दिलं. टी२०६ हे नाव त्यांचंच. १९४७ पासून त्यांनी हा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला द्यायला सुरुवात केली आणि तिथे बसून स्वतःच्या हाताने कार्डं अल्बममध्ये चिकटवली. हे काम १९६३ च्या जानेवारीत संपलं, आणि मार्चमध्ये ते वारले. बाजाराच्या नियमाने चिकटवलेलं कार्ड खराब झालेलं असतं. पण त्यांनी हे केलं नसतं तर वॅग्नरचं कार्ड कुठल्या संचातलं, हे सांगायला आज कुणाकडे भाषाच नसती.

म्हणून घरात जुनी कार्डं सापडली तर आधी किंमत विचारू नका. पाठीमागचा मजकूर वाचा, काढणाऱ्या कंपनीचं नाव आणि क्रमांक टिपून ठेवा, संच किती कार्डांचा होता ते शोधा, आणि रबरबँड काढून टाका. आपल्याकडच्या ट्रम्प कार्डांची आणि गमसोबतच्या क्रिकेटच्या चित्रांचीही अशी सूची व्हायला हवी. ती करायला लिलावगृह लागत नाही, एक वही पुरते.