मदतीचा पैसा कोणाच्या नावाने निघतो

आजारपणात किंवा अचानक कोसळलेल्या प्रसंगात कुटुंबाला मिळणारी आर्थिक मदत चार वेगवेगळ्या वाटांनी येते: कायद्याने ठरलेला हक्क, सरकारी योजना, मुख्यमंत्री वा पंतप्रधान यांच्या निधीतून मिळणारे सहाय्य आणि सार्वजनिक न्यासांचे, म्हणजे ट्रस्टांचे अनुदान. प्रत्येक वाटेचे नियम निराळे, अर्ज घेणारे कार्यालय निराळे आणि पैसे कोणाच्या नावाने निघतात तेही निराळे. या मदतीविषयीचे बहुतेक गैरसमज चारही वाटा एकच समजल्यामुळे होतात. रायगडच्या आतल्या बाजूच्या महाड आणि पोलादपूर तालुक्यांत ही सरमिसळ जास्त दिसते. जुलै २००५ मधल्या जुई, दासगावच्या दरडी, २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा पूल वाहून गेला ती दुर्घटना, २८ जुलै २०१८ चा आंबेनळी घाटातला बस अपघात, २४ ऑगस्ट २०२० रोजी महाड शहरात कोसळलेली पाच मजली इमारत, २२ जुलै २०२१ चा महापूर आणि त्याच दिवशीची तळियेची दरड: सोळा वर्षांत इतक्या वेळा या भागाने मदतीच्या घोषणा ऐकल्या आहेत. त्यामुळे संकट आले की सरकारचा धनादेश येतो, अशी समजूत इथे घट्ट बसली आहे. घरातल्या एकाला कर्करोग झाला तर मात्र घोषणा करायला कोणी येत नाही.

«दुर्घटना झाली की सरकारला पैसे द्यावेच लागतात»

हे अर्धेच खरे आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत नैसर्गिक आपत्तींची यादी ठरलेली आहे. पूर, चक्रीवादळ, भूकंप, दरड, ढगफुटी, आग या गोष्टी तिच्यात येतात आणि त्यांतील मृत्यूबद्दल वारसांना ४ लाख रुपये देण्याची तरतूद आहे. तळियेत आणि पोलादपूर तालुक्यातल्या साखर सुतारवाडी, केवनाळे इथे गेलेले लोक दरडीखाली गेले होते, म्हणून तिथे ही मदत निकषानेच लागू होती. तळियेच्या वेळी राज्य सरकारने प्रत्येक मृताच्या वारसांना ५ लाख जाहीर केले आणि पंतप्रधान राष्ट्रीय सहायता निधीतून २ लाख वेगळे जाहीर झाले. आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस कोसळून ३० कर्मचारी गेले, तेव्हाही ४ लाखांचीच घोषणा झाली. आकडा आपत्तीच्या निकषातलाच असला तरी पाया निराळा होता. रस्ता अपघात त्या यादीत नाही, इमारत कोसळणेही नाही. अशा वेळी मिळणारी रक्कम शासनाच्या निर्णयावर अवलंबून असते. एका अपघाताला घोषणा होते, दुसऱ्याला होत नाही, याचे कारण हेच.

मृतदेह सापडला नाही तर मदत नाही, ही भीतीही दरडग्रस्त वाड्यांमध्ये असते. बेपत्ता व्यक्तीला मृत मानण्यासाठी एरवी सात वर्षे थांबावे लागते, म्हणून ती निराधार म्हणता येत नाही. पण आपत्तीत प्रशासन निराळी वाट काढू शकते. तळियेतले शोधकार्य थांबवले तेव्हा ५३ मृतदेह सापडले होते आणि ३१ जणांचा पत्ता लागला नव्हता. नातेवाइकांच्या संमतीने या बेपत्ता लोकांना मृत घोषित करण्यात आले.

पुराची मदत आणि नुकसानभरपाई यांतही गल्लत होते. २०२१ च्या पुरानंतर महाडच्या बाजारपेठेत अनेकांना वाटले की बुडालेल्या मालाची किंमत मिळेल. शासनाने दुकानदारांसाठी ठरवलेली रक्कम नुकसानीच्या ७५ टक्के, पण जास्तीत जास्त ५० हजार इतकी होती, तर टपरीधारकांसाठी कमाल १० हजार. ज्याच्या गोदामात लाखोंचा माल भिजला त्याला तो पैसा विमा उतरवलेला असेल तरच परत मिळतो. सरकारी रक्कम उठून उभे राहण्यापुरती असते आणि तिचा सारा आधार पंचनामा असतो. चिखल काढून घर, दुकान स्वच्छ करण्याची घाई स्वाभाविक आहे, पण पंचनाम्याआधी फोटो न काढता केलेली सफाई पुढे महागात पडते.

«पांढरे रेशनकार्ड असेल तर मोफत उपचार नाहीत»

एके काळी हे खरे होते. राज्याची आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि त्या पहिल्या आठांत रायगड होता. पुढे तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. तेव्हाची मर्यादा दीड लाखाची होती आणि पांढऱ्या कार्डाला योजना लागू नव्हती. १ जुलै २०२४ पासून केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडलेली नवी रचना लागू आहे. तिच्यात राज्यातल्या सर्व शिधापत्रिकाधारकांना, पांढऱ्या कार्डासह, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांचे संरक्षण आहे. जुनी माहिती मात्र अजून गावात फिरते आणि पात्र असलेला माणूस दागिने गहाण टाकतो.

योजनेची खरी अट दुसरीच आहे. उपचार यादीतला हवा, रुग्णालय योजनेत नोंदलेले हवे आणि शस्त्रक्रियेआधी मंजुरी घेतलेली हवी. तातडीच्या वेळी फोनवरून तात्पुरती मंजुरी घेता येते व कागद नंतर देता येतात. म्हणून रुग्णालयात पाऊल ठेवल्यावर पहिली भेट तिथे योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राची घ्यावी, पैसे भरण्याच्या खिडकीकडे नंतर जावे.

«धर्मादाय रुग्णालयाची सवलत ही त्यांची मर्जी»

सर्वांत जास्त नुकसान करणारा गैरसमज हा आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१कक खाली धर्मादाय रुग्णालयांवर गरीब रुग्णांना उपचार देण्याचे बंधन आहे आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने तयार झालेली त्याची योजना १ सप्टेंबर २००६ पासून अमलात आहे. या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या असतात. शिवाय सर्व रुग्णांच्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीच्या स्वतंत्र खात्यात टाकायची असते. पैसे भरणारे रुग्णच नकळत हा निधी भरतात. त्यात रुग्णालयाची उदारता शोधण्याचे कारण नाही.

निर्धन म्हणजे वर्षाला १ लाख ८० हजारांपर्यंत उत्पन्न असलेले कुटुंब आणि दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंतचे. पुरावा म्हणून तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड किंवा दारिद्र्यरेषेखालील कार्ड चालते. निर्धन रुग्णाचे खाट, शुश्रूषा, नेहमीच्या तपासण्या यांचे पैसे लागत नाहीत, आणि औषधे व शरीरात बसवायच्या वस्तूंचा खर्च निधीतून होतो. दुर्बल घटकातल्या रुग्णाला औषधांच्या आणि अशा वस्तूंच्या खर्चाचा किमान निम्मा भाग स्वतः द्यावा लागतो. ही मेख आधी माहीत नसल्याने बिल हाती आल्यावर फसवणूक झाल्यासारखे वाटते. जीव धोक्यात असेल तेव्हा अशा रुग्णालयाने रुग्णाला लगेच दाखल करून त्याची प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार द्यायचे असतात आणि त्यासाठी अनामत मागायची नसते.

हा हक्क बजावण्यातली अडचण महाड-पोलादपूरच्या बाबतीत भूगोलाची आहे. मोठी धर्मादाय रुग्णालये मुंबई, नवी मुंबई, पुण्यात. पोलादपूरहून परळ पावणेदोनशे किलोमीटरांच्या आसपास. रुग्ण तिकडे आणि उत्पन्नाचा दाखला इकडच्या तहसील कार्यालयात. लोकसेवा हक्काखाली दाखल्याची मुदत १५ दिवसांची, शस्त्रक्रियेची तारीख मात्र परवाची! घरात मोठ्या आजाराचे निदान झाले की बॅग भरण्याआधी दाखल्याचा अर्ज करणे, हाच यावरचा उपाय. रुग्णालय दाद देत नसेल तर तिथल्या समाजसेवकाकडे आणि तिथेही काम न झाल्यास धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे तक्रार करता येते.

«आधी भरा, मुख्यमंत्री निधीतून नंतर परत मिळतात»

मिळत नाहीत. मुख्यमंत्री सहायता निधी लोकांच्या देणग्यांवर चालतो आणि उपचार झाल्यानंतरच्या खर्चाची प्रतिपूर्ती तो करत नाही. रुग्ण दाखल असताना अर्ज करावा लागतो आणि मंजूर रक्कम थेट रुग्णालयाच्या खात्यात जाते. अर्जासोबत रुग्णालयाच्या सहीशिक्क्याचे खर्चाचे अंदाजपत्रक, १ लाख ६० हजारांपर्यंतचा उत्पन्नाचा दाखला, आधार, रेशनकार्ड आणि अपघात असल्यास पोलिसांची नोंद लागते. आजारही ठरलेल्या यादीतला हवा. इथे एक बारकावा आहे: ज्या कुटुंबाचा दाखला १ लाख ७० हजारांचा आहे ते धर्मादाय रुग्णालयात निर्धन ठरते, पण या निधीच्या मर्यादेत बसत नाही. शिवाय जन आरोग्य योजना किंवा धर्मादाय योजनेतून होऊ शकणाऱ्या उपचारांसाठी हा निधी नसतो. त्याचा क्रम त्यांच्यानंतरचा.

आमदार-खासदारांच्या पत्राशिवाय फाइल हलत नाही, असेही मानले जाते. आवश्यक कागदांच्या यादीत असे पत्र नाही. अर्ज विनामूल्य आहे, तेव्हा मंजूर रकमेत टक्केवारी मागणारा कोणीही मदतनीस म्हणवून घेण्यास पात्र नाही.

«एका ट्रस्टकडे गेले की दुसरा देत नाही»

प्रत्यक्षात ट्रस्टांची मदत तुकड्यातुकड्यांनीच जमते. प्रभादेवीच्या सिद्धिविनायक मंदिर न्यासापासून टाटा ट्रस्टपर्यंत अनेक संस्था रुग्णांना अनुदान देतात, पण एखादी संस्था संपूर्ण बिल उचलेल अशी अपेक्षा धरता येत नाही. चार ठिकाणी अर्ज करणे गैर नाही, लपवणे गैर आहे. आधी मिळालेली रक्कम सांगावी लागते आणि सर्व मिळून अंदाजपत्रकापलीकडे जाता येत नाही. धनादेश जवळजवळ नेहमी रुग्णालयाच्या नावाने निघतो. म्हणूनच बिल पूर्ण भरून घरी परतलेल्या कुटुंबाला ट्रस्टकडून मदत मिळणे कठीण जाते: ज्याच्या नावाने धनादेश काढायचा त्याचे देणे उरलेलेच नसते. टाटा स्मारक रुग्णालयासारख्या ठिकाणी वैद्यकीय समाजसेवा विभाग रुग्णाला योग्य ट्रस्टांकडे पाठवतो. बाहेर फिरून पत्ते गोळा करण्यापेक्षा त्या विभागाच्या रांगेत उभे राहणे फायद्याचे.

ट्रस्ट किंवा योजना सहसा जे देत नाहीत ते म्हणजे राहणे, जेवण, प्रवास आणि सोबत्याची बुडालेली मजुरी. किमोथेरपीसाठी महिनोन्‌महिने मुंबईत राहणाऱ्या कोकणातल्या कुटुंबाला हाच खर्च पोखरतो. परळची नाना पालकर स्मृती समिती आणि दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा रुग्ण व सोबत्यांची अल्प दरात सोय करतात. चाकरमान्यांच्या गावोगावच्या मुंबई मंडळांनी काढलेली वर्गणीही याच खर्चाला उपयोगी पडते, कारण ती रोख आणि रुग्णाच्या घरच्यांच्या हातात येते. बाकी सारा पैसा बिलाला बांधलेला असतो.

«अपघाती मृत्यू असेल तरच घराला मदत»

दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबातला १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस गेला, मग तो हृदयविकाराने असो वा बसखाली येऊन, राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २० हजार रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयात करायचा. संजय गांधी निराधार योजनाही केवळ विधवांची नाही. कर्करोग, क्षयरोग, पक्षाघात अशा आजारांनी निराधार झालेले ६५ वर्षांखालील लोक तिच्यात बसतात आणि महिन्याला १,५०० रुपये मिळतात. मात्र तिची सर्वसाधारण उत्पन्नमर्यादा वर्षाला २१ हजार, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये आहे. आजच्या काळात ही मर्यादा हास्यास्पद आहे आणि खऱ्या गरजूंना ती खोटा दाखला काढायच्या मोहात पाडते.

शेतकऱ्यांच्या बाबतीत नेमका उलटा गैरसमज आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघात म्हणजे वाहनाचा अपघात एवढेच समजले जाते. वीज पडणे, पाण्यात बुडणे, झाडावरून पडणे, सर्पदंश, विंचूदंश हे सगळे तिच्यात येते. विंचवाच्या विषावरचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांचे संशोधन ज्या महाडमध्ये झाले, तिथे ही गोष्ट तरी सर्वांना ठाऊक असायला हवी होती. मृत्यू झाल्यास २ लाख, एक डोळा किंवा एक अवयव गमावल्यास १ लाख, वयोमर्यादा १० ते ७५. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या, पण खातेदाराच्या कुटुंबातल्या एका सदस्यालाही ती लागू आहे. कोकणातल्या सामायिक सातबाऱ्यांवर वडिलांचे किंवा चुलत्यांचेच नाव चालत आलेले असते, त्यामुळे ही तरतूद इथे विशेष महत्त्वाची. अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यायचा असतो आणि दिवसकार्यातच निम्मी मुदत सरते.

महामार्गावर धडक देऊन वाहन पळून गेले, तर वाहनाचा पत्ता नाही म्हणून दावा नाही, असे समजून पोलादपूर-कशेडी पट्ट्यातली घरे गप्प बसतात. १ एप्रिल २०२२ पासून अशा मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजारांची भरपाई आहे. महाडच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे राबणाऱ्या कामगाराचेही तसेच. आस्थापना कर्मचारी राज्य विम्याखाली असेल आणि पगार मर्यादेत असेल, तर ठेकेदारी कामगारही त्यात येतो. कामावर असताना मृत्यू आल्यास अवलंबितांना दरमहा निवृत्तिवेतनासारखी रक्कम मिळते आणि सर्व अवलंबितांची मिळून ती सरासरी वेतनाच्या ९० टक्के इतकी असते. दुर्घटनेनंतर व्यवस्थापनाने दिलेला धनादेश हा त्याऐवजी नसतो, आणि तो घेताना कशावर सही केली जाते आहे हे वाचून घ्यावे लागते.