जहाजगढचा आयरिश सरदार

अठराव्या शतकात अनेक आयरिश घराण्यांतील पुरुष परक्या राजांच्या पदरी राहून नावारूपास आले. हॅब्सबर्ग दरबारात लेसी हा आयरिश वंशाचा सेनानी फील्ड मार्शल व युद्धमंडळाचा अध्यक्ष झाला. नोव्हेंबर १८०१ मध्ये तो व्हिएन्ना येथे मरण पावला. पुढच्याच महिन्यात टिपेररीच्या जॉर्ज टॉमसने हांसीचा किल्ला शिंद्यांच्या फौजेच्या हवाली केला. लेसीच्या पाठीशी साम्राज्य होते; टॉमसच्या पाठीशी होता तो एकच मराठा सरदार, आणि तोही फार दिवस नव्हे.

खलाशी म्हणून मद्रासेस आलेला टॉमस जहाज सोडून पळाला आणि दिल्लीकडे बेगम समरूच्या चाकरीत शिरला. १७९३ साली शिंद्यांचे सरदार आप्पा खंडेराव यांनी त्यास पलटण उभारण्यास सांगितले. खर्चासाठी रोख पैका नव्हे, मेवातातील परगणे नेमून दिले. म्हणजे वसुलीची लढाईही त्यानेच करावयाची! पगार थकल्याने आप्पांचे शिपाई उलटले तेव्हा टॉमसने त्यांची सुटका केली. आप्पांनी त्यास पुत्र मानले. परंतु १७९७ मध्ये असाध्य दुखण्याला कंटाळून आप्पांनी यमुनेत देह टाकला आणि पुतणे वामनराव यांच्याशी टॉमसचे बिनसले. नाते माणसाशी होते, दौलतीशी नव्हते.

मग त्याने ओस पडलेल्या हांसीस राजधानी केली, तट बांधले, तोफा ओतल्या, स्वतःचे रुपये पाडले. लढाईत पडलेल्या शिपायांच्या विधवांना व आप्तांना तो अर्धा पगार देई. त्या काळी ही गोष्ट विरळाच. झज्जरजवळील त्याच्या जॉर्जगढास लोक जहाजगढ म्हणत, आणि खलाशाला ते नाव शोभतही होते.

दौलतराव शिंद्यांच्या कवायती फौजेचा फ्रेंच सेनापती पेराँ यास हे राज्य खुपू लागले. दरमहा साठ हजार रुपये घेऊन टॉमसने चाकरी पत्करावी, जहाजगढ सोडावा, असे बोलणे झाले. टॉमसने ते नाकारले. सप्टेंबर १८०१ मध्ये जहाजगढापाशी घनघोर लढाई झाली व दोन्हीकडचे अनेक युरोपीय अंमलदार पडले. त्यानंतरचे मोलाचे दिवस मात्र टॉमसने मद्यपानात दवडले. त्याच्या नाशाचे कारण पेराँच्या तोफांइतकेच हेही होय. अखेर तो हांसीस निसटला, तेथे वेढला गेला आणि शरण आला.

कलकत्त्याकडे जाताना ऑगस्ट १८०२ मध्ये बहरामपूर येथे तो वारला. तत्पूर्वी कॅप्टन फ्रँकलिनने त्याचे आत्मवृत्त लिहून घेतले. ते फार्सीत सांगण्याची टॉमसची तयारी होती. इंग्रजीपेक्षा तीच भाषा त्याच्या अधिक सवयीची झाली होती.