हिवाळ्यातले अंदमान : इतके रंग येतात कुठून?



आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या कपाटात प्रवाळाचा एक पांढरा तुकडा ठेवलेला आहे. फार वर्षांपूर्वी एका पालकांनी तो अंदमानहून आणून शाळेला भेट दिला होता. मागच्या महिन्यात सातवीतल्या एका मुलीने विचारले, "पुस्तकात प्रवाळ रंगीबेरंगी असतात असे लिहिले आहे, मग आपला पांढरा का?" शेजारची लगेच म्हणाली, "आणि माझ्या आजीच्या अंगठीतले पोवळे तर लाल आहे!" त्या तासाला आम्ही जे उत्तर दिले त्याने मुलींचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर आमचेही झाले नाही. येत्या जानेवारीत आठवी-नववीची सहल अंदमानला न्यावी असा प्रस्ताव विश्वस्त मंडळासमोर आहेच. तेव्हा राहिलेले उत्तर आणि सहलीची माहिती, दोन्ही या अंकात एकत्र देत आहोत.

कुठे आणि केव्हा?

अंदमान-निकोबार ही बेटे बंगालच्या उपसागरात, चेन्नईपासून समुद्रमार्गे सुमारे १२०० किलोमीटरवर आहेत. नावांची एक गोष्ट आधी समजून घ्यावी. डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉक बेटाचे नाव स्वराज द्वीप, नील बेटाचे शहीद द्वीप आणि रॉस बेटाचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप असे झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचे नाव श्री विजयपुरम ठेवण्यात आले. लोकांच्या तोंडी जुनी नावे अजून आहेत, म्हणून मुलांनी दोन्ही पाठ करावीत.

आपल्या माळव्यात पाऊस जून ते सप्टेंबर असा एकदाच येतो. अंदमानात तो दोनदा येतो. मे महिन्यात नैऋत्य मोसमी वारे पोहोचतात, आणि ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत ईशान्येकडचे वारे पाऊस आणतात. नोव्हेंबरच्या आसपास वादळांचीही भीती असते. जानेवारी-फेब्रुवारीत मात्र आकाश मोकळे होते, समुद्र शांत होतो आणि ओढ्यांतून येणारा गाळ कमी झाल्याने पाणी नितळ होते. आपण इंदुरात स्वेटर घालून शेकोटीपाशी बसतो, तेव्हा तिथे सुती कपड्यांत वावरता येते. दिवाळीच्या सुटीऐवजी जानेवारी का, असे काही पालकांनी विचारले होते. त्याचे कारण हेच आहे.

निळे पाणी, पांढरी वाळू

स्वराज द्वीपावरचा राधानगर किनारा सर्वांत प्रसिद्ध आहे. तिथे उभे राहिले की पाण्याचे पट्टे दिसतात. काठाशी पाणी जवळजवळ बिनरंगी असते, पुढे पोपटी, मग मोरपंखी आणि दूरवर गडद निळे. सूर्यप्रकाशात सगळे रंग असतात आणि पाणी त्यातला तांबडा रंग आधी शोषून घेते. पाणी जितके खोल तितके हे शोषण अधिक, आणि शेवटी निळाच उरतो. उथळ जागी तळाची पांढरी वाळू प्रकाश परत फेकते, म्हणून तिथला रंग फिका आणि हिरवट दिसतो. पेल्यात घेतले तर तेच पाणी बिनरंगी असते. हा प्रयोग मुलांनी तिथे जरूर करावा.

वाळू पांढरी का, हेही पाहू. आपली काळी माती बेसाल्ट खडकाची झीज होऊन झाली आहे. तिथली वाळू पुष्कळशी शिंपल्यांच्या आणि प्रवाळांच्या चुऱ्याची आहे. त्या कामात पोपटमासा नावाच्या माशाचाही वाटा असतो. चोचीसारख्या दातांनी तो प्रवाळाचा खडक खरवडून शेवाळ खातो, आणि पोटात दळला गेलेला खडक वाळू होऊन बाहेर पडतो.

प्रवाळाचे उत्तर

आता त्या दोघींच्या प्रश्नाकडे येऊ. प्रवाळ हा प्राणी आहे. लहान लहान जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि अंगाखाली चुन्याचे घर बांधतात. हे घर पांढरेच असते. त्या जीवांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. ते उन्हात अन्न तयार करते आणि त्यातला मोठा भाग प्रवाळाला देते. तपकिरी, पिवळसर, हिरवट हे रंग बरेचसे या शैवालाचे, आणि जांभळा-गुलाबी असे काही प्रवाळाच्या स्वतःच्या रंगद्रव्यांचे. प्रवाळ मेला की जीव कुजून जातो आणि पांढरे घर तेवढे मागे उरते. आपल्या कपाटात आहे ते असे रिकामे घर आहे. आजीच्या अंगठीतले पोवळे, ज्याला हिंदीत मूँगा म्हणतात, ते वेगळ्या जातीचे. भूमध्य समुद्रातल्या त्या प्रवाळाचा सांगाडाच लाल असतो.

समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ आपल्यातले शैवाल बाहेर टाकतो आणि जिवंतपणीच पांढरा पडतो. पाणी लवकर निवले तर तो सावरतो, नाहीतर उपासमारीने मरतो. अंदमानात १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये असे घडले. २००४ च्या २६ डिसेंबरला झालेल्या भूकंपात उत्तर अंदमानचा काही किनारा एक मीटरहून अधिक वर उचलला गेला. तिथले प्रवाळ पाण्याबाहेर पडले आणि वाळून मेले. म्हणजे हे रंग कायमचे आहेत असे धरून चालता येत नाही. मुलांनी ते आता पाहावेत, असे आम्हाला वाटण्यामागे हे मोठे कारण आहे.

जिवंत प्रवाळ पाहण्याची जागा म्हणजे वंडूरजवळचे महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान. हे १९८३ मध्ये स्थापन झाले. तिथले जॉली बॉय बेट हिवाळ्यात खुले असते आणि पावसाळ्यात त्याला विश्रांती देऊन रेड स्किन बेट उघडतात. काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ दिसतात. बेटावर प्लास्टिक नेता येत नाही.

हिरवे, राखाडी आणि केशरी

खाड्यांच्या काठी खारफुटीची दाट हिरवी भिंत आहे. या झाडांची मुळे काठीसारखी चिखलाबाहेर येतात, कारण चिखलात त्यांना हवा मिळत नाही. बाराटांग बेटावर चिखलाचा ज्वालामुखी आहे. नाव भारी असले तरी त्यात आग नसते. जमिनीखालचा वायू राखाडी चिखल वर ढकलतो आणि बुडबुडे फुटत राहतात. खरा ज्वालामुखी पाहायचा तर तो बॅरन बेटावर. शंभर वर्षांहून अधिक काळ शांत राहून तो १९९१ मध्ये पुन्हा जागा झाला. तिथे वस्ती नाही आणि आपणही जाणार नाही.

श्री विजयपुरमच्या दक्षिणेला चिडिया टापू आहे. तिथला सूर्यास्त चुकवू नये, पण घड्याळ सांभाळावे. आपल्या देशाची वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरते आणि अंदमान ९२ अंशांच्याही पुढे आहे. एका अंशाला चार मिनिटे या हिशोबाने तिथला सूर्य घड्याळाच्या सुमारे चाळीस मिनिटे पुढे चालतो. जानेवारीत तो संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारासच मावळतो. मावळतीचे किरण हवेच्या लांब थरातून येतात, वाटेत निळा रंग विखुरला जातो आणि केशरी-तांबडा आपल्यापर्यंत पोहोचतो.

सहलीबद्दल आमचे म्हणणे

बाराटांगला रस्त्याने जायचे तर जारवा लोकांच्या राखीव जंगलातून जावे लागते. हे लोक संख्येने काही शेच आहेत आणि बाहेरच्या आजारांशी लढण्याची ताकद त्यांच्यात कमी आहे. १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली होती. या रस्त्याने जाणाऱ्या गाड्यांतून माणसांना प्राणी पाहिल्यासारखे पाहिले जाते, अशी टीका वर्षानुवर्षे होत आली आहे. म्हणून बाराटांग आम्ही आपल्या कार्यक्रमातून वगळले आहे. चिखलाचे बुडबुडे मुलांना पाहता येणार नाहीत याचे वाईट वाटते, पण निर्णय बदलणार नाही.

सेल्युलर जेल पाहणे ठरलेलेच आहे. स्वातंत्र्यवीर सावरकरांना १९११ मध्ये तिथे नेण्यात आले आणि १९२१ पर्यंत ते तिथे होते. त्यांचे थोरले बंधू बाबारावही तिथेच होते. मराठी घरातल्या मुलांनी निळा समुद्र आणि ती कोठडी एकाच दिवशी पाहावी.

येताना कोणीही प्रवाळ किंवा शिंपले आणू नयेत. २००१ पासून खडक बांधणाऱ्या प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे पूर्ण संरक्षण आहे, आणि मेलेला तुकडा उचलणेही गुन्हा ठरू शकतो. कपाटातल्या तुकड्याला आजवर "प्रवाळ, अंदमान" एवढीच चिठ्ठी होती. आता प्रश्न विचारणाऱ्या मुलीकडूनच नवी लिहून घेतली आहे : "हे प्रवाळाचे रिकामे घर आहे. जिवंतपणी हा रंगीत होता. आता असे आणत नाहीत."

शेवटी खर्चाविषयी. विमानाने जाणे स्वस्त नाही, आणि जहाजाने जाण्यातच तीनेक दिवस जातात. पैशांपायी एकही मूल मागे राहणार असेल तर ही सहल नेऊ नये, असे आम्ही विश्वस्त मंडळाला लेखी कळवले आहे. ज्या पालकांना अडचण आहे त्यांनी संकोच न करता आम्हाला भेटावे, बोलणे आमच्यापाशीच राहील. ज्यांना दुसऱ्या मुलाचा थोडा भार उचलता येईल त्यांनीही कळवावे. संमतीपत्रे वर्गशिक्षकांकडे मिळतील.