अभंगातील ख्रिस्तभक्ती
धर्म बदलला म्हणजे माणसाची भाषा व गाणीही बदलावी लागतात काय? ना. वा. टिळक यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा आप्त दुरावले. पत्नी लक्ष्मीबाईदेखील काही वर्षे वेगळ्या राहिल्या. अभंग मात्र टिळकांनी सोडला नाही. त्या काळी मराठी चर्चमध्ये इंग्रजी गीतांची भाषांतरे पाश्चात्त्य चालींवर गायिली जात. ती अनेकांना परकी वाटत. टिळकांनी अभंग व भजने रचली, कीर्तनाची पद्धत स्वीकारली. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. (गोव्यात फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्येच प्रसिद्ध झाले होते, परंतु ते इंग्रज, मराठी शिकलेले.) टिळकांची भजने मराठी चर्चमध्ये आजही गायिली जातात.