तबकडी, फुगा आणि शुक्राची चांदणी

२ एप्रिल २०२२. पाडव्याच्या गुढ्या नुकत्याच उतरल्या होत्या आणि विदर्भ-खानदेशात लोक अंगणात उभे राहून वर बघत होते. आगीच्या लोळांची एक रांग सावकाश आकाश ओलांडत चालली होती. कुणी म्हणालं उल्का, कुणी पेटलेलं विमान, कुणी सरळ तबकडी. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरीला, वादाला जागाच उरली नाही. तिथे सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं. तज्ज्ञांच्या मते ते चिनी 'लाँग मार्च ३बी' अग्निबाणाचा अवशेष होतं.

पुरावा असा आयता दारात पडत नाही. एरवी उरतो तो पाहणाऱ्याचा शब्द, आणि पाहणारा बहुतेकदा खोटं बोलत नसतो. गोम तिथेच आहे.

लडाखचंच घ्या. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात सीमेवरच्या आपल्या जवानांनी ३२९ वेळा आकाशात अनोळखी प्रकाश नोंदवले. त्यांपैकी १५५ वेळा ते आपल्या हद्दीत घुसल्याचीही नोंद झाली. संशय चिनी ड्रोनवर. शेवटी बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेला विचारणा झाली, आणि 'हेर' निघाले गुरू आणि शुक्र! मला मात्र त्या जवानांना हसावंसं वाटत नाही. तिथल्या विरळ, स्वच्छ हवेत शुक्र आपल्या गच्चीवरून दिसतो त्याहून कितीतरी ठसठशीत दिसतो. काळोखात एकट्या ठिपक्याचं अंतर डोळ्याला उमगत नाही, आणि टक लावून पाहिलं की स्थिर ठिपकाही हलू लागतो. त्यात समोर चीन.

'तबकडी' हा शब्दही असाच घसरत आला. २४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाला अमेरिकेतल्या माउंट रेनियरजवळ नऊ चमकत्या वस्तू दिसल्या. पाण्यावर भिरकावलेली बशी टप्पे खात जाते तशी त्यांची चाल होती, असं त्याचं म्हणणं. बातमीदारांनी चाल सोडली आणि बशी उचलली. त्याला दिसलं ते मृगजळ होतं की पेलिकन पक्ष्यांचा थवा, यावर अजून वाद आहे.

त्याच वर्षी जुलैत अमेरिकेतल्याच रॉझवेलच्या लष्करी तळाने तबकडी हाती आल्याचं जाहीर केलं आणि लगोलग तो हवामानाचा फुगा ठरवला. १९९४ मध्ये हवाई दलाने सांगितलं, की तो सोव्हिएत अणुस्फोटांचा कानोसा घेणाऱ्या गुप्त 'मोगल' प्रकल्पाचा फुगा होता. म्हणजे सरकार काहीतरी लपवतंय म्हणणारे बरोबरच होते. काय लपवतंय, तेवढं चुकलं. पुढे यू-२ हेरविमानांचंही तेच. खाली सूर्य मावळलेला असताना साठ हजार फुटांवर त्यांचे पंख उन्हात झळकत. त्या काळात तबकड्या दिसल्याच्या निम्म्याहून अधिक तक्रारींमागे आपलीच हेरविमानं होती, असं सीआयए सांगते. हा आकडा मला फुगवलेला वाटतो.

अमेरिकी हवाई दलाच्या 'ब्लू बुक' प्रकल्पाने १९६९पर्यंत १२,६१८ घटना तपासल्या. ७०१ सुटल्या नाहीत. या प्रकल्पाचे सल्लागार ॲलन हायनेक यांनी १९६६ मध्ये मिशिगनमध्ये दिसलेल्या गूढ दिव्यांना दलदलीचा वायू म्हटलं आणि त्यांचं हसं झालं. पुढे न सुटलेल्या घटना गांभीर्याने अभ्यासाव्यात, असं तेच सांगू लागले. मला त्या ७०१ मध्ये परग्रहवासी दिसत नाहीत, अपुऱ्या नोंदी दिसतात. २०१५ची अमेरिकी नौदलाची एक चित्रफीत पाहा. समुद्रावरून काहीतरी सुसाट जाताना दिसतं. पण पडद्यावर अंतर आणि कोन नोंदलेले होते, म्हणून नासाच्या समितीला २०२३ मध्ये गणित मांडता आलं. वेगाचा भास चित्रण करणाऱ्या विमानाच्याच वेगाचा होता. वस्तूचा वेग निघाला ताशी सुमारे ६४ किलोमीटर, वाऱ्याबरोबर वाहत जावं इतका.